ऑप्शनला टाकलेलं चित्र

“केतकीच्या आई, पुढच्या शुक्रवारी येताना तेवढ्या बांगड्या काढून याल का?” शलाका मॅडमनी विचारलं. चित्रांचा गठ्ठा रबरात अडकवता अडकवता, जाता जाता आठवलं म्हणून सांगावं तसं त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “आमच्यात चालत नाही. सवाष्णीनं हात रिकामे ठेवलेले सासूबाईंना खपत नाही.”

खोटं बोलायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, आणि आत्यांनी लग्नानंतरच्या नऊ वर्षांत मला कशाचीच सक्ती केली नव्हती. उलट मीच मोकळ्या मनगटांनी गावभर हिंडायची आणि त्या सणावाराला तेवढं ‘दोन तरी घाल गं’ म्हणायच्या. पण लपायला रूढीचा आडोसा मिळाला की शिकलेल्या बायकाही लपतात. शलाका मॅडमनी माझ्या मनगटांकडं एकदा पाहिलं. दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. बरं, मग हात मांडीवर ठेवून बसा, एवढंच त्या म्हणाल्या. मिरजेहून एसटीनं येणारी सव्वीस वर्षांची मुलगी ती, माझ्याशी वाद घालायचा तिला संकोच वाटला असावा.

याला आता चौदा वर्षं झाली. आम्ही कराडला राहत होतो आणि केतकी सव्वाचार वर्षांची होती. ती तीन वर्षांची होऊन चालायला लागली होती. बोलत नव्हती. कुणी बोलायला लागलं की त्याच्याकडं सोडून भलतीकडंच बघायची. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर दोन लांबलचक नावं लिहून दिली होती, ती मी पाठ केली होती आणि कुणाला सांगत नव्हते. एका संस्थेच्या बालवाडीनं तिला लहान गटात घेतलं, ते वर्षभरापुरतं. मंगळवारी आणि शुक्रवारी शलाका मॅडम थेरपीला यायच्या. पूर्वी नकाशे ठेवायची एक खोली होती, कोपऱ्यात अजून गुंडाळलेले नकाशे उभे होते, तिथं एक बुटकं टेबल टाकलेलं. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला केतकी आणि केतकीच्या पाठीशी, तिनं खुर्ची सोडून पळू नये म्हणून, मी.

काम दिसायला सोपं होतं. दोन चित्रं समोर ठेवायची, पेला आणि चेंडू. पाणी कुठंय म्हटलं की पेला उचलायचा. बोलता येत नाही तर निदान दाखवता यावं, हा उद्देश. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात मात्र एक चित्र कायम असायचं. तांबड्या कागदावर उघडा तळवा. ते ‘पुरे’चं चित्र. केतकीला नकोसं झालं की ती स्वतःचं मनगट चावायची, तिथं कातडी जाड होऊन काळी पडली होती. चावण्याऐवजी तिनं हे चित्र उचलून द्यावं म्हणून मॅडम दर वेळी तिचा हात धरून ते उचलायला लावायच्या आणि लगेच सगळं थांबवायच्या. त्यांचा नियम होता, की तिनं ते दिलं तर त्या क्षणी थांबायचं, मग काही का चाललेलं असेना. एकदा जरी आपण थांबलो नाही तर ते चित्र तिच्यासाठी मेलं, असं त्या म्हणायच्या. आठ महिन्यांत केतकीनं ते आपणहून एकदाही उचललं नव्हतं.

मुख्याध्यापिका खांबेटेबाईंनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. मार्चमध्ये त्या स्वतः बसून बघणार. दहापैकी आठ वेळा बरोबर चित्र उचललं तर मोठ्या गटात जागा आणि सोबत एक मदतनीस बाई. नाही तर मुलगी घरीच बरी. तिच्यासारख्या मुलांची शाळा होती ती जिल्ह्याच्या गावी, वसतिगृहाची, आणि सहा वर्षांच्या आत घेत नव्हती. म्हणजे दोन वर्षं घरी.

घरी म्हणजे काय, ते मला रोज दिसत होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाला जगदाळ्यांची सुमन खिडकीत बसलेली असायची. तिचं वय पस्तीस. तिला वेळच्या वेळी जेवायला घालत, केस विंचरत, कुणी तिला टाकून बोलत नसे. फक्त खिडकी तीच होती. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तिनं मला त्याच खिडकीतून पाहिलं होतं. केतकीला शाळेत नेताना मी तो रस्ता टाळून मागच्या बोळातून जायला लागले. मला त्या बाईची भीती वाटायची, आणि भीती वाटते याची लाज.

आता माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी घरी दहावीचे गणिताचे क्लास घ्यायची. हुशार मुलं माझ्याकडं येत नसत. दोनदा गटांगळ्या खाल्लेली, बापानं कान धरून आणलेली पोरं यायची आणि मी त्यांना पास करून द्यायची. गणित येवो न येवो. कुठला प्रश्न हमखास येतो, कुठल्यावर वेळ घालवायचा नाही, कुठला धडा सरळ ऑप्शनला टाकायचा, हे मला तोंडपाठ होतं. गावात माझं नाव होतं त्यासाठी. केतकीचा मार्च जवळ येत चालला तशी मी तिच्याकडंही दहावीच्या पोरासारखी बघायला लागले.

डिसेंबरपर्यंत ती दहात चार, फार तर पाच बरोबर देत होती. नाणं उडवलं तरी तेवढी येतात. नवरा दिगंबर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, गळिताचा हंगाम, घरी आला की आडवा. मी आकडे सांगितले की तो म्हणायचा, होईल हळूहळू. हळूहळू हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

मग संक्रांत आली. आत्यांनी हौसेनं कासाराला घरी बोलावलं आणि हळदीकुंकवापुरत्या तरी भर म्हणून माझ्या दोन्ही हातांत बांगड्या भरवल्या. काढायचा कंटाळा म्हणून त्या तशाच राहिल्या. आणि त्यानंतरच्या मंगळवारी केतकीनं दहात सात दिली. शुक्रवारी आठ. पुढच्या मंगळवारी नऊ. शलाका मॅडमनी दोनदा मोजलं, त्यांचे डोळे भरून आले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले. त्या दिवशी घरी जाताना मी मागच्या बोळातून गेले नाही. केतकीचं बोट धरून सुमनच्या खिडकीसमोरून ताठ मानेनं गेले.

तो आनंद बारा दिवस टिकला. एका दुपारी मी कणीक मळत होते. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, घट्ट बसलेल्या. केतकी शेजारी ओट्याजवळच्या स्टुलावर होती. आत्यांना दाखवावं म्हणून मी, मॅडमनी घरी सरावाला दिलेल्या तशाच दुसऱ्या गठ्ठ्यातली, दोन चित्रं तिच्यापुढं मांडली आणि पाणी मागितलं. तिचा हात पेल्यावर गेला, चेंडूवर गेला, परत पेल्यावर आला. आणि ती चित्रांकडं नव्हे, माझ्या हाताकडं बघत होती. तिनं चेंडू उचलला. पुन्हा मांडली, पुन्हा चूक. मी कणकेचा हात झटकला, बांगड्या मनगटावर खळकन उतरल्या, आणि त्याच क्षणी तिनं हाताखालचं चित्र उचलून मला दिलं.

मला समजायला वेळ लागला नाही, गणिताची बाई मी. तिचा हात बरोबर चित्रावर आला की पाठीमागं माझा जीव गोळा व्हायचा, मुठी आवळायच्या, आणि बांगड्या किणकिणायच्या. पोरगी त्या आवाजावर उचलत होती. पेला काय आणि चेंडू काय, तिला कशाचाच पत्ता नव्हता. सात, आठ, नऊ, सगळे मार्क माझे होते.

त्या दिवशी मॅडमना फोन करायला हवा होता. मी केला नाही. फोनपर्यंत गेले, तिथं उभी राहिले आणि डोळ्यांसमोर खिडकीतली सुमन आली. मग मी परत येऊन राहिलेल्या पोळ्या लाटल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी तिची तयारीच करून घ्यायला लागले. दोन ते चार, क्लासची मुलं यायच्या आधी. आत्या पलीकडच्या खोलीत पडलेल्या असायच्या. चित्रं मांडायची, हात बरोबर जागी आला की मनगट किंचित हलवायचं, इतकं किंचित, की ऐकू फक्त तिलाच यावं. जेमतेम दीड महिना उरला होता, वेळ वाया घालवून चालणार नव्हतं. म्हणून परीक्षेत जे येणार नव्हतं ते मी काढून टाकलं. घरच्या गठ्ठ्यातलं तांबडं चित्र पहिल्यांदा गेलं. दहा प्रश्नांत ‘पुरे’ला मार्क नव्हते. ते मी ऑप्शनला टाकलं, म्हणजे कपाटाच्या खणात टाकलं. केतकीनं दोन-तीनदा खण ओढून ते माझ्यापुढं आणून ठेवलं. हे नाही गं, पोर्शनमध्ये नाही हे, असं म्हणत मी ते परत टाकायची. मग ते खणातून कुठं गेलं, मी पाहिलंही नाही.

ती कंटाळायची. मनगट तोंडाकडं न्यायची. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवायची, रडून झालं की पुन्हा मांडायची. चार वाजता उठले की क्लासच्या फळ्याकडं पळायची. पलीकडच्या खोलीतून मला टाळी ऐकू यायची. एक टाळी, मग थोड्या वेळानं आणखी एक. आजी-नातीचा खेळ चाललाय म्हणून मला बरं वाटायचं.

आणि मग तो शुक्रवार आला. दिगंबरची पहिली पाळी होती, म्हणून आत्या बरोबर आल्या. शाळेत पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ, त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. नकाशांच्या खोलीत दाराजवळ त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. खांबेटेबाई टेबलाच्या बाजूला, हातात तक्ता. त्या वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. त्यांनी केतकीला बिस्किट दिलं, तिच्या फ्रॉकचं कौतुक केलं. शलाका मॅडमनी चित्रं मांडली आणि उजव्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, तांबडं चित्र ठेवलं. मी पाठीमागं बसले. हात मांडीवर.

पहिलं बरोबर आलं. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. खांबेटेबाईंची पेन्सिल खूण करताना कागदावर खरखरत होती. चौथं बरोबर. मला घाम फुटला होता, आणि मनगट मात्र इतकं सफाईनं हलत होतं की मीच मला ओळखलं नाही. पाचवं बरोबर. खांबेटेबाई शलाका मॅडमकडं बघून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या मांडीकडं बघत होत्या.

सहाव्याला केतकी थांबली. तिचा हात पोळी आणि झोपाळा या दोन चित्रांच्या मधोमध अधांतरी राहिला. मी मनगट हलवलं. तिनं उचललं नाही. मी जरा जोरात हलवलं. तेव्हा ती खुर्चीत वळली, आणि दोन्ही हातांनी तिनं माझ्या बांगड्या गच्च धरल्या. सगळ्या एकत्र, आवाज होणार नाही अशा. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. सव्वाचार वर्षांत तिनं माझ्याकडं इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मग एक हात तिनं सोडवला, मागं नेला, कोपऱ्यातलं तांबडं चित्र न बघता उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवून वरून दाबलं.

शलाका मॅडमचा हात तोंडावर गेला होता.

“चला, बाळ,” खांबेटेबाई म्हणाल्या, “अजून पाच राहिलीत. छान चाललंय. बसा बघू सरळ.”

पाचातली तीन हवी होती. ती मी काढून घेतली असती. तिला वळवून बसवलं असतं, हात धरला असता, हे रोज दुपारी मी करतच होते. तीन वेळा मनगट हलवायचं आणि मोठा गट, मदतनीस बाई, दप्तर, डबा, सगळं तिचं. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी सांगितलं असतं तर मी थांबले असते, किंवा त्या ओरडल्या असत्या तर हट्टाला पेटले असते. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. नियम मला माहीत होता.

“ती पुरे म्हणालीय,” मी म्हटलं.

खांबेटेबाईंना ते कळलं नाही. त्यांनी समजुतीनं विचारलं, की पाच मिनिटं थांबून मग घ्यायचं का. मी नाही म्हटलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी बांगड्या काढायला लागले. काही सहज निघाल्या नाहीत, अंगठ्याच्या हाडावर अडल्या, कातडी सोलली. बाराच्या बारा टेबलावर ठेवल्या. म्हटलं, “आधीची पाचही तिची नाहीत. माझी आहेत. संक्रांतीपासूनची सगळी.”

जागा गेली. तसं रीतसर पत्र पंधरा दिवसांनी आलं, भाषा चांगली होती. केतकी दोन वर्षं घरी राहिली. शलाका मॅडम मिरजेहून शनिवारी यायच्या, कधी यायच्या, कधी एसटी चुकायची. पेला आणि चेंडू यातला फरक तिला समजला तेव्हा ती सात वर्षांची होती. आता अठराची आहे. अजून बोलत नाही, आणि सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. मी हातात बांगडी घालत नाही, विचारणारे विचारतात. हे सगळं पुढचं. मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं, शाळेतून परतताना रिक्षातलं.

केतकी मध्ये बसली होती. तांबडं चित्र मॅडमनी तिच्याकडंच राहू दिलं होतं. मी रिकाम्या मनगटांकडं बघत होते आणि आत्या आता काय म्हणतील याची वाट बघत होते. म्हटलं, बोलू दे काय बोलायचंय ते. त्यांनी विचारलं, “शुभदा, त्ये तांबडं चित्र म्हंजे काय गं?”

“पुरे. नको झालं, थांबा, असं.”

आत्यांनी केतकीच्या हातातल्या चित्राकडं पाहिलं. मग बाहेर पाहिलं. दत्त चौक गेला, पूल आला.

“आपल्या घरी एक हाय तसलं,” त्या म्हणाल्या. “ती सारखी खण ओढायची म्हून मीच काढून दिलं तिला. माझ्या उशीखाली असतंय. दुपारचं तू शिकवून उठलीस की ती येती, उशीखालनं काढती आन् माझ्या हातावर ठेवती.”

“रोज?”

“रोज. दोन-दोन, तीन-तीन बारी.” त्यांनी स्वतःचा तळहात उलटून पाहिला. “मला काय ठावं? हाताचं चित्र. मला वाटायचं टाळी मागती. मी आपली टाळी द्यायची.”

रिक्षा गल्लीत वळली. सुमन खिडकीत होती, तिनं आमच्याकडं पाहिलं, आणि मीही तिच्याकडं पाहिलं. मग घर आलं.

आत्यांनी लुगडंही न बदलता कॉटवर बसकण मारली. केतकी सवयीनं त्यांच्याजवळ गेली, उशी सरकवली, आणि शाळेतलं चित्र दुसऱ्या हातात असतानाही खालचं, कोपरे दुमडलेलं, मळलेलं चित्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. आत्यांचा दुसरा हात टाळी द्यायला वर उठला होता. तो तसाच थांबला. मग त्यांनी तो खाली आणला, त्या चित्रावर ठेवला, आणि केतकीसारखाच दाबून धरला.

“व्हय बाई,” आत्या तिला म्हणाल्या. “पुरे.”